मोठं चाक

आमच्या सोसायटीतली सॉफ्टवेअरवाली सून रोज सकाळी पार्किंगमध्ये एकचाकी सायकल चालवते. नुकतीच तिने मोठ्या चाकाची आणली, आणि लहान सायकलवर सफाईने फिरणारी ती पुन्हा पडायला लागली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"काकू, खांदा द्या जरा," म्हणत ती चढते. पडली की हसत उठते. गॅलरीतून तिच्या सासूबाई ओरडतात, "अगं, चाकाकडे नको, गेटकडे बघ!" मी स्कूटी शिकायचं काढलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांना माझी हाडं आठवली होती.

आज तिने माझा खांदा सोडला आणि थेट गेट गाठलं. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. ती परत आल्यावर विचारलं, "तुझी ती लहान सायकल आता पडूनच असेल ना?"