आमच्या मिस्त्रींचे कान

आमचे मिस्त्री, म्हणजे माझे यजमान, जात्याच घुमे. त्यामुळे त्यांना ऐकू येईनासं झालंय हे वर्षभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मला कळलं, कारण माझ्या बोलण्यावरही हा माणूस हसून मान डोलवायला लागला. कानाचं यंत्र आणू या म्हटलं तर म्हणाले, "बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण टाकेल?" वर कुणाला सांगणार नाही असं माझ्याकडून वचन घेतलं. चाळीस वर्षं गॅरेज हेच त्यांचं जग. ते सुटलं तर हा माणूस खचेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

अशात गावातल्या डॉक्टरीणबाईंनी आपल्या सासऱ्यांची जुनी गाडी ओढून आणली. वीस वर्षं शेडमध्ये उभी, चारही पिस्टन गंजून जाम. हँडल मारलं तर इंजिन तसूभर हलेना. बाईंचा पुतण्या म्हणाला, "वरून दोन घण घाला, सुटेल." मिस्त्रींनी ऐकलं नाही, ऐकू आलंही नसेल. प्लग काढले, भोकांतून डिझेल आणि ऑइल एकत्र करून ओतलं आणि इंजिन जरा जरी फिरलं तरी कळावं म्हणून पुढच्या पुलीवर खडूची रेघ ओढली. बाईंना म्हणाले, "घाईत पिस्टन फुटला तर दुसरा मिळायचा नाही. तेल मुरू द्या."

रोज सकाळी तेल, संध्याकाळी तेल. मग हँडल धरून बेताचा जोर, कधी इकडे, कधी तिकडे. मी डबा घेऊन जायची तर हे रेघेकडे टक लावून बसलेले. लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं नव्हतं. पुतण्या दर आठवड्याला येऊन नाक मुरडायचा. तेविसाव्या दिवशी रेघ बोटभर सरकली, तेव्हा मिस्त्री मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले. मीही मेली, खडूच्या रेघेसाठी डोळ्यांतून पाणी काढलं.

इंजिन खोलून साफ झालं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या आणि बाईंना बोलावणं गेलं. खरी परीक्षा आता होती. जाम सोडवायला हात पुरतात, पण चालत्या इंजिनाचा आवाज ऐकावाच लागतो. आमची खूण ठरलेली: मी दारात उभं राहायचं आणि आवाज नीट असला तर डबा खाली ठेवायचा.

इंजिन सुरू झालं. बाईंचे डोळे भरले. पण ठेका मध्येच चुकत होता. मी डबा हातातच धरला.

पुतण्यानं मिस्त्रींच्या मागून विचारलं, "आवाज बरोबर आहे ना?" मिस्त्री इंजिनावर वाकलेलेच. त्यानं पुन्हा विचारलं. बाई माझ्याकडे बघायला लागल्या आणि मी जमिनीकडे. मिस्त्री वळले, आमचे चेहरे बघितले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "वर्ष झालं. आवाजाचं हिला विचारा."

इतक्या वर्षांत या माणसानं मला पान्याला हात लावू दिला नव्हता. तरी मी पुढे गेले. मिस्त्री एकेका प्लगची वायर काढून, परत लावून माझ्या तोंडाकडे बघायला लागले. पहिली काढली, इंजिन अडखळलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली आणि आवाजात काहीच फरक पडला नाही.

"हाच," मी बोट दाखवून म्हटलं. "हा कामच करत नाहीये."

मिस्त्रींनी इंजिन बंद करून पाना थेट तिसऱ्या प्लगला लावला.

पुतण्या काहीतरी बोलणार होता. बाईंनी त्याला स्टूल आणायला पाठवलं. "यांना बसायला दे," माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या. "उद्या माझी रोजची गाडी आणतेय. तीही ऐकायचीय यांना."