विष्णूच्या पोरीचा नंबर

"अरे दादा, मेडिकल नाई लागलं तिले. कितीकदा सांगू तुले? कालेज लागलं, कालेज. साधं."

"साधं हाय त मंग फोटोत तिच्या गळ्यात थे डाक्टरची नळी काहून हाय?"

"थे नळी तुह्या फ्लेक्सवाल्यानं लावली ना बापा! पोरीनं अजून नळी हातात धरली नाई."

"मंग धरन ना. आज नाई त उद्या धरन. फ्लेक्स का रोज रोज लागते काय इस्नू? अन् आता काय बोलून फायदा? सकाळी झेंडावंदन झालं, सरपंचानं सत्कार केला. पोरगी नाई त तिच्या मोठ्या बाबाचा. शाल घेतली म्या, नारळ घेतला. आता का वापस नेऊन देऊ?"

विष्णू गावंडेनं फोन कानापासून जरा लांब धरला. मोरेश्वर, त्याचा थोरला भाऊ, दर्यापूरकडच्या गावात एसटी स्टँडसमोर उभा राहून बोलत होता. त्याच फ्लेक्सखाली उभा असणार. तिकडं दिवेलागणीची वेळ, इकडं मिशिगनात ट्रॉय गावात सकाळचा चहा पोटात जिरायचा होता. दोन्हीकडं तारीख एकच, मेची पहिली. गावात महाराष्ट्र दिन, आणि इथं बारावीच्या पोरांनी कोणत्या युनिव्हर्सिटीत जाणार ते कळवायचा शेवटचा दिवस.

"मोठ्याच युनिव्हर्सिटीत घाल बरं," मोरेश्वर म्हणाला. "फ्लेक्सवर तिचंच नाव हाय. गाव पाहून रायलं."

"पाहू," विष्णू म्हणाला आणि फोन ठेवला.

गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीच्या मागच्या पार्किंगात तो उभा होता. अंगात ढगळ जाड कोट, कारण त्याचं काम आत, कोल्ड चेंबरमध्ये. खोलीएवढ्या त्या फ्रीजमध्ये गाडी गोठवायची आणि मग तिचा ब्रेक लागतो का ते पाहायचं. पार्किंगच्या कडेला गवतात गीजची, म्हणजे इकडच्या रानहंसांची, एक जोडी अंड्यांवर बसली होती आणि जवळून जाणाऱ्या प्रत्येकावर फिस्कारत होती. विष्णू वळसा घालून आत गेला.

माणूस तसा कोणाच्या अध्यात ना मध्यात. अमरावतीला डिप्लोमा केला, मग पडत-धडत डिग्री, मग पुण्याला एका ब्रेकच्या कारखान्यात. पुण्याची मीनाक्षी बायको म्हणून पदरात पडली, तीही त्याच कारखान्यात हिशेब पाहणारी. कंपनीनं त्याला ट्रॉयला धाडलं तेव्हा रुही तीन वर्षांची होती, विमानात पूर्ण वाट रडली. दोन वर्षांसाठी म्हणून आलेला माणूस इथंच राहिला. मराठी मंडळात गेला की पुण्या-मुंबईची मंडळी त्याला मुद्दाम बोलतं करत. "विष्णूभाऊ, ते 'करून रायलो' म्हणा ना एकदा." तो म्हणायचा. "तुमची मजाक करून रायलो," म्हणायचा, आणि हसणाऱ्यांच्या गाडीचा आवाज कशानं येतो ते बॉनेट उघडून सांगायचा. भाषा काही त्यानं बदलली नाही. बायको पुण्याची, पोरगी अमेरिकेची, हा आपला दर्यापूरचा. घरात तीन तऱ्हा नांदत होत्या.

मेडिकलचा घोळ त्यानंच घातला होता, हे खरं. हिवाळ्यात रुहीला दोन सरकारी युनिव्हर्सिट्यांचे होकार आले. एक नामांकित, जिचं नाव टीव्हीवर फुटबॉलच्या सामन्यात ऐकू येतं. दुसरी लहान, तिचं नाव जिल्ह्याबाहेर कोण घेत नाही. विष्णू त्यांना मोठी आणि धाकटी म्हणायचा, जावा-जावांना म्हणावं तसं. दोन्हीकडं रुहीनं प्री-मेड लिहिलं होतं. आता विष्णूच्या डोक्यात दर्यापूरचं गणित. बारावी झाली, मेडिकलला नंबर लागला, पोरगी डॉक्टर. प्री-मेड म्हणजे मेडिकलचं पहिलं वर्ष असणार, असं समजून त्यानं दादाला हर्षानं फोन केला. दादानं दुसऱ्या दिवशी पेढे वाटले आणि आठवड्यात फ्लेक्स लागला. 'कु. रुही विष्णू गावंडे हिचा अमेरिकेतील सर्वात मोठ्या विद्यापीठात एमबीबीएसला नंबर लागल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' पांढरा कोट, गळ्यात नळी, खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग, मधोमध काळा चष्मा घातलेला मोरेश्वर.

मग शाळेच्या समुपदेशक बाईंकडं गेल्यावर विष्णूनं विचारलं, "मेडिकलचा अभ्यास पहिल्या वर्षापासून सुरू होते का?" बाई हसल्या. फार गोड हसल्या. म्हणाल्या, प्री-मेड नावाची डिग्री नसते. रुही चार वर्षं जीवशास्त्र शिकेल, मग परीक्षा देईल, मग मेडिकल कॉलेजांना अर्ज करेल, आणि घेतलं तर घेतील.

म्हणजे प्री-मेड हा अभ्यासक्रमच नव्हता. ती नुसती इच्छा होती. पोरीनं मनात धरलेली, आणि गावानं स्टँडवर टांगलेली.

ते एकवेळ चाललं असतं. खरी पाचर वेगळीच होती. रुही बापाच्या व्हिसावर होती आणि एकवीस वर्षांची झाली की त्यावरून उतरणार होती. विष्णूचा ग्रीन कार्डाचा अर्ज कधीचा रांगेत. वकिलाला फोन केला की तो म्हणे, थांबा. दुसरा वकील केला, तोही म्हणे, थांबा, फक्त जरा गोड आवाजात. ती एकवीसची व्हायच्या आत कार्ड आलं नाही तर रुही, जी याच गावच्या रस्त्यांवर सायकल शिकली, ती कागदावर परदेशी विद्यार्थिनी होणार. आणि परदेशी म्हटलं की बहुतेक मेडिकल कॉलेजं अर्जच पाहत नाहीत. हे समुपदेशक बाईंना माहीत नव्हतं. रुहीनंच एकेका कॉलेजला मेल करून विचारलं होतं. उत्तरं आली, सगळी सभ्य. एक-दोघांनी तेवढं लिहिलं की अर्जाच्या वेळी वडिलांच्या व्हिसावर असाल तर विचार करू.

कामावरच्या राजेशला यातलं काही लागू नव्हतं. त्याचा पोरगा जय इथंच जन्मलेला. "टेन्शन काय घेता विष्णूभाऊ?" तो म्हणायचा. "मुलांना ठरवू द्यायचं. जय तर नाणं उडवून ठरवणार होता, यार." जयला नाणं उडवता येत होतं. कुठल्याही बाजूनं पडलं तरी तो इथलाच.

दुपारी शाळा सुटल्यावर रुही आईची गाडी घेऊन थेट कंपनीच्या पार्किंगात आली. विष्णूला चेंबर सोडून घरी जाता येत नव्हतं, गाडी आत गोठायला लावलेली. तो कोट तसाच अंगात ठेवून बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला. आज शाळेत सगळी पोरं आपापल्या युनिव्हर्सिटीचा शर्ट घालून आली होती, तशी इथली पद्धत. रुही साध्या निळ्या शर्टात होती. मांडीवर लॅपटॉप उघडा.

"काहीच नाही घातलं तर दहा जणांनी विचारलं, रुही, आर यू ओके?" ती म्हणाली.

"मंग काय सांगितलं?"

"लाँड्रीमध्ये आहे म्हटलं."

विष्णू हसला. ती नाही हसली.

"आई काय म्हणून रायली?"

"आई म्हणते मोठी. आई म्हणते नाव महत्त्वाचं. बाबा, मलाही तीच हवीय, यू नो दॅट. तिथल्या लॅब्ज बघितल्यात तुम्ही. अनयपण तिथेच चाललाय. आणि आईचं म्हणणं, मीनाक्षी गावंडेच्या मुलीनं धाकटीत जायचं म्हणजे तिला मंडळात तोंड दाखवता येणार नाही." अनय म्हणजे तिचा वर्गातला मित्र.

"आईचं जाऊ दे. पोस्टरचं बी जाऊ दे. दादाले मी पाहून घेईन, तुले त्याचं काई नाई."

"मला पोस्टरचं काहीच नाहीये. इट्स काइंड ऑफ फनी, ॲक्चुअली. मला तेच शर्टावर छापून घालायचं होतं आज शाळेत." मग तिनं स्क्रीन त्याच्याकडं वळवली. "हे बघा. मी हायस्कूलमध्येच कॉलेजचे जे विषय केले, त्यांचे सगळे क्रेडिट्स धाकटीनं धरले. मी तीन वर्षांत संपवू शकते. म्हणजे मेडिकलला अप्लाय करताना मी अजून ट्वेंटी असेन. तुमच्या व्हिसावर. मोठी म्हणते, नाही, आमच्याकडे चार वर्षं."

"समजलं."

"नाही, ऐका ना. म्हणजे प्रश्न एकच आहे. ग्रीन कार्ड मी ट्वेंटी-वन व्हायच्या आत येणार असेल तर मी मोठी घेते. येणार नसेल तर धाकटी. तुम्ही सांगा. येणार का?"

विष्णूनं समोर पाहिलं. एक गीज उठलं, दोन पावलं चाललं, पुन्हा अंड्यांवर बसलं.

'येईन कार्ड' म्हणायची त्याला सवय होती. रुही पाचवीत होती तेव्हापासून म्हणत आला होता. पोरीनं फ्लोरिडाला शाळेच्या सहलीला जाताना, माझा पासपोर्ट इतरांहून निराळा का, असं विचारलं तेव्हा म्हणाला होता, येईन आता कार्ड. आजी गेली आणि व्हिसाचा शिक्का नव्यानं मिळाला नाही तर परत येता येणार नाही या भीतीनं कोणी गावी जाऊ शकलं नाही, तेव्हाही तेच. शब्द जिभेवर आलाच होता. पण तेव्हा त्या शब्दावर काही अवलंबून नव्हतं. आज पोरगी त्यावर चार वर्षं लावणार होती.

"बाबा. हो का नाही? तुम्ही म्हणाल ते मी धरेन. आय स्वेअर."

"मले नाई सांगता येत, बाई."

"अंदाज?"

"अंदाज बी नाई. कोणालेच नाई येत. वकिलाले नाई येत."

"मग तुम्हाला काय वाटतं, मी कुठली घेऊ?"

"तुले जे वाटन—"

"दॅट्स नॉट ॲन आन्सर!" ती एकदम ओरडली. बाहेरचं गीज मान वर करून फिस्कारलं. "तुम्ही नेहमी असंच करता. गाडीचा आवाज आला की लोकांना बरोबर सांगता, हे बदला, ते बदला. मी विचारलं की तुले जे वाटन. मला नाही ठरवायचं हे एकटीनं!"

विष्णूचा हात कोटाच्या खिशात होता. तो बाहेर काढून काय करावं ते त्याला कळेना. ड्रायव्हरच्या सीटवर पोरगी, शेजारी बाप. त्याला वाटलं, दादा असता तर ठोकून दिलं असतं काहीतरी. खोटं का होईना, पोरीला टेकायला भिंत झाली असती.

"माह्यावर भरोसा ठेवून मोठी घेऊ नको," तो शेवटी म्हणाला. "एवढंच सांगतो. माह्या कागदाचा काई भरोसा नाई. बाकी मले काई समजत नाई, रुही. खरं सांगतो."

रुहीनं डोळे बाहीनं पुसले, लॅपटॉप जवळ ओढला आणि धाकटीच्या पानावर गेली. नाव टाकलं. खूण केली. बटण दाबलं. स्क्रीनवर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे वरून खाली पडायला लागले, लग्नात उडवतात तसे, आणि एक वाक्य आलं, 'वेलकम होम!'

"ओ माय गॉड," ती म्हणाली. "कॉन्फेटी." आणि हसायला लागली, आणि त्यातच पुन्हा तिचे डोळे भरले. "हे थांबतच नाहीये. बाबा, हे बंद कसं करायचं?"

विष्णूनं एक-दोन ठिकाणी बोट लावलं. थांबलं नाही. मग तिनंच लॅपटॉप मिटला.

"मोठीला नाही म्हणून कळवायचं राहिलं," ती म्हणाली. "ते घरी करते."

"मी येऊ का घरी? राजेशले सांगतो."

"नको. तुमची गाडी आत आहे ना?"

"हाय."

"मग जा. आईला मी सांगते. तुम्ही नका सांगू, तुम्ही गोंधळ घालाल."

तो उतरला. तिनं आरसा नीट केला, मागं पाहिलं आणि गीजना जागा सोडून हळू गाडी काढली. रस्त्याला लागेपर्यंत तो उभा राहिला. मग आत गेला.

चेंबरच्या काचेसमोर राजेश कॉफी घेऊन बसला होता. "झालं? कुठली घेतली?"

"धाकटी."

"अरे! मोठी सोडली? वेडे आहात का तुम्ही लोक?"

विष्णूनं कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "चेंबर कितीवर आलं?"

"उणे तीस."

"चाळीस पाह्यजे ना?"

"येईल हळूहळू."

"मंग मागच्या चाकाची वायर एकदा पाहून घेतो. सकाळी ढिली वाटली होती." त्यानं हातमोजे चढवले, जड दार दोन्ही हातांनी ओढलं आणि वाफेत शिरला.