मोठ्या घरातल्या मुलीला मी दिलेलं नाव

माझ्या आजोबांचं नाव त्यांच्या आईबापांनी ठेवलं नव्हतं. आमच्या गावात तेव्हा रीतच तशी होती. आमच्या वस्तीत मूल जन्मलं की बापानं मोठ्या घरी जायचं, ओट्याखाली उभं राहायचं आणि सांगायचं. ओट्यावरचा माणूस नाव द्यायचा. देवांची, राजांची नावं त्यांच्या घरासाठी राखीव. आजोबा जन्मले त्या दिवशी त्या माणसाच्या डोळ्यांपुढं उकिरडा होता, मग तेच नाव. आजोबा ते नाव घेऊन जगले आणि मतदार यादीत त्याच नावानं मेले.

धर्म बदलल्यावर त्यांनी माझ्या वडिलांचं नाव स्वतः ठेवलं. ज्ञानी, असा त्याचा अर्थ. पण वडील मोठ्या घरी सालगडी होते आणि तिथं ते नाव कधीच कुणी घेतलं नाही. गुडघे जाईपर्यंत वडील तिथं "उकिरड्याचा" म्हणूनच हाक ऐकत आले.

मी आमच्या घरातली पहिली बीए, आणि तीही इंग्रजीत. हे मी कुणालाही सांगते. धाराशिवला एसटीनं रोज जाऊन-येऊन शिकले, बऱ्याचदा उभ्यानं. आमचे एक सर जुन्या इंग्रजी शब्दांची कुळी सांगायचे. लॉर्ड म्हणजे मुळात भाकरीचा राखणदार आणि लेडी म्हणजे पीठ मळणारी. मला हसूच आलं. माझी आई रोज पहाटे लेडी असते आणि तिला पत्ताच नाही! नेव्ह म्हणजे आधी नुसता पोरगा, मग नोकर पोरगा, मग लबाड. व्हिलन म्हणजे मुळात जमीनदाराच्या रानात राबणारा माणूस. सर सांगत होते आणि मला वाटलं, हे तर आमच्याच गावचं चाललंय. राबणाऱ्याच्या नावाची शिवी करायची खोड साहेबालाही होती.

ग्रंथालयात इंग्रजी नावांच्या अर्थांचं एक जाडजूड पुस्तक होतं. ते मी दोन वह्यांत उतरवून काढलं. एडवर्ड म्हणजे संपत्तीचा राखणदार. शर्ली म्हणजे उजळलेलं मोकळं रान. पुढं येरमाळ्यात हायवेला टायरच्या दुकानावर खोली घेऊन मी इंग्रजीचे क्लास सुरू केले आणि त्या वह्यांना भाव आला. सगळ्यांना लेकराचं नाव इंग्लिश ऐकू येणारं पाहिजे. बायका पेढे घेऊन यायच्या. मी वही उघडायची, दोन मिनिटं गप्प बसायची आणि मग सांगायची. गप्प बसल्याशिवाय माणसाला किंमत कळत नाही.

एक दिवस मोठ्या घरच्या सुनेनं बोलावणं धाडलं. तिला दुसरी मुलगी झाली होती. मी गेले. पायरी चढणार तोच आतून तिच्या सासूचा आवाज आला.

"कोन हाय? उकिरड्याची नात व्हय? बस, तिथंच पायरीवर बस. लई शिकलीस म्हनं."

मी बीए होते, माझ्या क्लासला चाळीस पोरं येत होती आणि मी पायरीवर बसले. का बसले, ते मला अजूनही सांगता येत नाही. पाय आपोआप वाकले.

सून बाळ घेऊन बाहेर आली. बारावी झालेली, लातूरकडची. ती माझ्याशेजारी पायरीवरच बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, सासूबाई कुलदेवीचं नाव म्हणत्यात. थोरलीचं त्यांनीच ठिवलं. लग्नात माझंबी नाव बदललं, मला कुणी इचारलं न्हाय. हिचं तेवढं माझ्या मनाचं ठिवू द्या म्हणून मी दोन दिवस जेवले न्हाय. तवा कुठं हो म्हणाल्या. एखादं गोड नाव सांगा."

शर्ली मी घरूनच काढून आणलं होतं. तेच सांगणार होते. तेवढ्यात सासू दारात आली आणि चहाची वाटी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "चहा घे. वाटी जाताना धुऊन ठिव."

मी वहीचं पान उलटलं.

जे नाव सांगितलं ते मी इथं लिहिणार नाही. ती मुलगी आता शाळेत आहे. ऐकायला ते फार गोड आहे, जुनं आणि अस्सल इंग्रजी. त्याचा अर्थ रानडुकरं चरतात ते रान. आमच्याकडं एका रात्रीत भुईमूग उकरून टाकणारं ते जनावर. मी सुनेला अर्धाच अर्थ सांगितला. म्हटलं, "हिरवं मोकळं रान."

"हिरवं रान," ती बाळाच्या कानाशी म्हणाली.

बारशाला मांडव घालायला वडील होते, मी फाटकापाशी उभी होते. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले आणि मग सगळ्या घरानं ते नाव मोठ्यानं घेतलं. मोठं घर मोठ्यानं डुक्कर म्हणत होतं. एवढं बरं मला निकाल लागला त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"लेकराचं काय चुकलं गं?"

"आजोबाचं काय चुकलं हुतं?"

तव्यावरची भाकरी करपली.

मुलगी मोठी झाली आणि पाचवीत माझ्याच क्लासला आली. तालुक्यात दुसरा क्लास नव्हता असं नाही, पण इंग्रजीचा माझ्याइतका चांगला नव्हता. हे त्या घरालाही कळत होतं. मुलगी हुशार निघाली. पहिल्या बाकावर बसायची आणि प्रत्येक वहीवर आपलं नाव रंगीत पेननं लिहून त्याच्या कडेनं गवत काढायची. आई तिला तेच सांगत आली होती.

सातवीत असताना तिच्या शाळेत भाषणाची स्पर्धा ठरली. विषय, माझ्या नावाची गोष्ट. ती भाषण लिहून घेऊन आली.

"मॅडम, अर्थ बरोबर आहे ना? हिरवं रान?"

तेव्हा सांगता आलं असतं. क्लास सुटला होता, खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिच्या भाषणातल्या तीन चुका दुरुस्त केल्या आणि म्हटलं, "बरोबर आहे. जरा मोठ्यानं बोल."

ती मोठ्यानं बोलली. तिचं भाषण सुरू असतानाच दुसऱ्या एका मुलीच्या भावानं मोबाईलवर ते नाव शोधलं आणि मागून ओरडला. सांगायला नको काय ओरडला. सगळी शाळा हसली. संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर डुकरांचे फोटो फिरायला लागले. एकात डुकराला रिबीन बांधली होती. तो फोटो मलाही आला. आमच्याच वस्तीतल्या पोरानं पाठवला होता, खाली लिहिलं होतं, "ताई, एक नंबर."

चार दिवसांनी सून क्लासवर आली. डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. पोरं जाईपर्यंत जिन्यात थांबली, मग आत आली, पण बसली नाही.

"सासूबाई नाव बदलायचं म्हणत्यात. वकिलाकडं कागद द्यायला निघाल्यात. मला म्हणत्यात, उपाशी राहून डुक्कर आणलंस घरात. ताई, तुम्ही एकदा घरी या. एवढंच सांगा की मोबाईलमधलं खोटं आहे, तुमच्या पुस्तकात हिरवं रानच आहे. शिकलेल्या म्हणून तुमचं ऐकतील."

मी जावं एवढीच गोष्ट होती. एक वाक्य बोलले असते तर नाव राहिलं असतं. पण माझ्यापुढं ती पायरी आली. आणि खरं सांगायचं तर नुसती पायरीही नव्हती. जे माझ्या पुस्तकात नाही ते आहे असं त्या घरात जाऊन सांगायचं आणि उद्या कुणी मोबाईल पुढं केला की अडाणी ठरायचं, हे मला जमणारं नव्हतं.

"पुस्तकातही तेच आहे," मी म्हटलं.

"म्हंजे तुम्हाला म्हाईत हुतं?"

"व्हय."

"बारशाच्या आधी?"

"आधीच."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर शिव्या देईल. त्यांच्या घरचे देतात तशा. मी उत्तर तयार ठेवलं होतं. आजोबांपासून सगळं सुनावणार होते. पण खाली रस्त्यावर बसनं हॉर्न दिला तशी ती जिना उतरून गेली. उत्तर माझ्या तोंडात तसंच राहिलं.

नाव बदललं. सासूनं कुलदेवीचं ठेवलं. मला वाटलं आता मुलगी क्लासला येत नाही. पण पुढच्या सोमवारी ती आली. मागाहून वडिलांकडून कळलं, सुनेनं घरी सांगितलं होतं की मॅडमला अर्थ माहीत नव्हता, पुस्तकच चुकीचं होतं. पोरीचं इंग्रजी बुडू नये म्हणून. मला ते आवडलं नाही. मला माहीत नव्हतं, असं माझ्याबद्दल कुणी म्हणावं?

हजेरीत मी नवं नाव लिहून घेतलं होतं. तिचा नंबर आला, मी नाव घेतलं. ती पहिल्या बाकावर, माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. तिनं वर बघितलं नाही. मी पुन्हा नाव घेतलं. माझ्या लेखी त्या नावाची मुलगी वर्गात नव्हती. मी तिच्याकडं बघत गैरहजर मांडली.

मंगळवारीही गैरहजर. बुधवारीही.

गुरुवारी तिनं "प्रेझेंट" म्हटलं, अगदी हळू. मी म्हटलं, "ऐकू आलं नाही." तिनं मोठ्यानं म्हटलं. मग मी पुढचं नाव घेतलं.