खोकल्याचा कागद

अतिदक्षता विभागात तिला सगळे थांबाताई म्हणत. अर्थात पाठीमागे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पेशंटच्या घशातली श्वासाची नळी काढायची म्हटलं की तरुण डॉक्टरांना घाई सुटायची आणि ही नर्स कमरेवर हात ठेवून म्हणायची, "थांबा." मशीनवरचे आकडे कितीही गोड असोत, तिची भिस्त पांढऱ्या कागदावर. मशीनची जोडणी सोडवायची, नळीच्या तोंडासमोर कागद धरायचा आणि पेशंटला खोकायला लावायचं. कागद ओला झाला, तर छातीत कफ बाहेर टाकण्याएवढा दम आहे. कोरडा राहिला, तर नळीला हात लावायचा नाही. तिचं न ऐकणारे एकदोघे चांगलेच तोंडावर आपटले होते.

या वेळी खाटेवर तिचा थोरला भाऊ होता. न्यूमोनियाने पार खंगलेला, नळी उपसू नये म्हणून हात बांधलेला.

"घरच्या माणसाची पारख दुसऱ्या कुणाला करू द्या," मोठे डॉक्टर म्हणाले.

"माझ्या दादाला माझ्याएवढं कोण ओळखतं?" तिने त्यांना उडवून लावलं. गोम नेमकी तिथेच होती.

बाहेर बाकावर वहिनी बसली होती. जाता-येता एकच विचारायची, "वन्सं, आज काढतील ना हो?"

तिने कागद धरला. "दादा, खोक. जोर लाव."

दादाची छाती जेमतेम हलली. पण कागदावर टपोरे थेंब पडले आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"काढा," ती म्हणाली.

"आज थांबा नाही?" डॉक्टर हसले.

"नाही. काढा."

नळी निघाली, हात सुटले. दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "परत ते घालू नकोस गं."

"नाही घालत. शब्द देते."

डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले. ती खुशीत आवराआवर करायला लागली. मशीनचा पाइप उचलला तशी पाण्याची कोमट धार तिच्या मनगटावर आली. ओलसर हवेचं पाणी पाइपात साचतं, ते आधी काढून टाकायचं, हा तर नव्या मुलींना तिने पहिल्याच दिवशी शिकवलेला धडा. आज ती स्वतःच विसरली होती. कागदावर पडलं होतं ते हे पाणी, जोडणी सोडवताना नळीत उतरलेलं.

मागे दादाच्या घशात खरखर सुरू झाली होती.

"खोक ना रे," ती म्हणाली. तो खोकला, म्हणजे नुसते ओठ हलले. तिने कफ ओढून काढला, ऑक्सिजन वाढवला, पाठ थोपटली. डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते, पण हाक मारली की नळी परत जाणार. दादाने तिची बाही धरून नको म्हणून मान हलवली. ती अजून थोडी थांबली. दुसऱ्या कुणा नर्सने असं केलं असतं, तर तिने तिला फाडून खाल्लं असतं. मग दादाचे ओठ काळेनिळे पडले.

"डॉक्टर! नळी आणा!"

सगळे धावले. दादा हात झाडत होता, ते कुणीतरी धरायला हवे होते. तिने धरले. गुंगीचं औषध भिनेपर्यंत तो तिच्याकडेच बघत होता.

"माझं चुकलं रे, दादा," ती म्हणत राहिली. ते त्याच्यापर्यंत पोचलं की नाही, हे तिला पुढे कधीच कळलं नाही.