तीन दिवस टिकेल तो भाव

माझे धाकटे दीर चौदा वर्षं घरपट्टीच्या खिडकीत बसले. पावती फाडताना मान वर न करण्याबद्दल त्यांची ख्याती होती. मग राज्यात तेल लागलं, पाठोपाठ गॅस लागला आणि सरकारने घरपट्टी माफ केली, दुकानांवरचा करही माफ केला. जमिनीखालून आपोआप येतंय तर लोकांपुढे हात कशाला पसरायचे! खिडकी बंद झाली. भावजींनी उरलेली पावतीपुस्तकं रद्दीत घातली आणि मला ऐकवलं, "वहिनी, आता राज्य कुणाचं मिंधं नाही."

"तेलाचं आहे ना," मी म्हटलं.

"तुम्ही आपला जप करा."

त्यांना खजिना कचेरीत नवं काम मिळालं. दारातल्या मोठ्या फळ्यावर रोज सकाळी दहाला तेलाचा भाव लिहायचा. बस्स. त्यासाठी कडक इस्त्रीचा सदरा. भाव चढला की कंत्राटदार वाकून नमस्कार करत आणि भावजी असे हसत, जणू विहीर त्यांनीच खणली. आयत्या बिळावरचा नागोबा मी फार जवळून पाहिला आहे. तो चहात साखर जास्त मागतो.

त्यांची मुलगी सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. वॉर्ड तेलाच्या पैशावर उभा राहिलेला, नेमणूक हंगामी. यंदा तिला शेजारच्या राज्यातल्या इस्पितळातून कायम नोकरीचं पत्र आलं. वीस तारखेपर्यंत होकार कळवायचा होता. त्या राज्यात ना तेल, ना गॅस. लोक कुरकुरत कर भरतात आणि नर्सना वेळेवर पगार मिळतो.

"भिकारडं राज्य ते," भावजी म्हणाले. "इथे महिन्याभरात तुला कायम करतील. फळा बघ, फळा!"

"पण बाबा, फोनवर तर भाव रोज उतरतोय."

"फोनवरचा भाव जगाचा. आपला भाव खजिन्याचा."

जाऊ मान डोलवत होती. ती लग्नापासून डोलवते आहे. पोरगी बापाच्या शब्दावर थांबली.

वीस तारखेला सासूबाईंच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला मी खजिना कचेरीत गेले. फळ्यावर पाच आठवड्यांपूर्वीचाच आकडा. मागच्या खेपेला आले तेव्हा मी तो माझ्या वहीत टिपला होता, म्हणून ओळखला.

"भावजी, हा बदललाच नाही?"

त्यांनी मला बाजूला घेऊन कचेरीची रीत समजावली. चढलेला भाव लगेच लिहायचा. उतरलेला मात्र तीन दिवस टिकला तरच. उगाच घबराट नको. साहेबांचा तोंडी नियम.

"मग एवढ्यात उतरलेला टिकला नाही का?"

"एकदाही नाही!" काय तो अभिमान! "रोज नवा आकडा."

"नवा म्हणजे कालच्यापेक्षा कमी?"

"कमीच. पण टिकला कुठे?"

मी देवाचं नाव घेतलं, कारण ओठांवर आलेलं दुसरं काही घेण्यासारखं नव्हतं. वरच्या मजल्यावरचे अंदाजपत्रकवाले जेवायला जाताना ह्याच फळ्याकडे बघतात म्हणे.

तशीच इस्पितळात गेले. पुतणी एका पोराचा ताप बघत होती.

"काकू, तुम्ही इथे?"

मी सगळं सांगितलं. तिने थर्मामीटर पुसून खिशात ठेवला, जिन्यात गेली आणि फोन लावला. साडेचार वाजले होते. पाचला तिकडची कचेरी बंद व्हायची होती. "हो, येते," एवढंच मला ऐकू आलं.

संध्याकाळी घरात थयथयाट. "तीन दिवस थांबली असतीस तर काय बिघडलं असतं!"

"बाबा, वॉर्डात आठ दिवस औषधं आलेली नाहीत," ती कपाटातले कपडे काढत म्हणाली. "ताप काही तुमच्या साहेबांना विचारून चढत नाही."

पुढच्या महिन्यात वॉर्डाला कुलूप लागलं. तिकडची पत्रं आलेल्या वॉर्डातल्या आणखी चौघी नर्स भावजींच्या शब्दावर भरवसा ठेवून थांबल्या होत्या. त्या घरी बसल्या आहेत. पुतणी तिकडे रुजू झाली.

भावजी आता भेटेल त्याला सांगतात, "मला आधीच वास लागला होता. मीच पोरीला म्हटलं, नीघ." परवा हेच ते त्या चौघींपैकी एकीच्या वडिलांना सांगत होते, माझ्यादेखत. त्या गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या मुलीसाठीही काही सुचवा म्हणून हात जोडले. भावजी म्हणाले, "बघू."