बघू नका, मेश्राम बोलून राहिला!

फिजिक्सवाल्यांचे काय किस्से असणार, असं लोकांना वाटतं. अरे बापा! जबलपूरचं आमचं कॉलेज, चार माणसांचं डिपार्टमेंट, एक चहाची केटली आणि सारखी जाणारी लाईट. किस्से व्हायला आणखी काय लागतं? एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतोच. त्यातले निम्मे तर एकट्या मेश्रामचे.

मेश्राम आमच्यात सगळ्यात ज्युनिअर. माझ्यासारखाच नागपूरकडून आलेल्या घरातला, वडील इथं रेल्वेत होते. पोरगा हुशार, स्वभावानं गरीब. पण कोणी बघून राहिलं की बोलताना अडखळायचा. आणि नोकरी कोणती धरली? मास्तरकी! अख्खा वर्ग डोळे लावून बसलेला.

*

आमचे हेड तिवारीजी. मन लोण्यासारखं, पण धीर म्हणून नाही. मेश्राम अडकला की त्याचा शब्द हेच पूर्ण करून द्यायचे.

एकदा एप्रिलच्या उन्हात मेश्राम क्लास घेऊन धापा टाकत आला. "सर, मुझे प... प..."

"परमिशन? दे दी!"

"नहीं सर, प... प..."

"प्रैक्टिकल? कल ले लेना!"

"प... प..."

"पंखा! अरे भाई, कोई पंखा चलाओ!"

मेश्रामनं तिवारीजींच्याच टेबलावरचा ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. तिवारीजी बघतच राहिले. "तो सीधे बोलो ना, पानी!"

*

उजेडाचे प्रयोग करायला आमच्याकडे काळे पडदे लावलेली एक डार्करूम होती. एका दुपारी तिच्यावरून जाताना आतून आवाज आला. काय सुंदर बोलून राहिलं होतं कोणी! उजेड दोन बारीक फटींतून एकदमच कसा जातो, पाण्यावरच्या लहरींसारखा एकमेकांत कसा मिसळतो, आणि म्हणून भिंतीवर पट्टे कसे उमटतात. कुठं अडणं नाही की थांबणं नाही.

डार्करूम माझ्या ताब्यात, आणि मला न विचारता बाहेरचा माणूस बोलावला? माझं डोकंच फिरलं. पडदा सारून आत शिरले. "कौन है?"

आवाज बंद. मग अंधारातून आलं, "म... म... मैं हूँ, दीदी."

मी पडदा लावला आणि बाहेर उभी राहिले. थोड्या वेळानं आवाज पुन्हा सुरू झाला. खरं सांगते, मला रडू आलं.

*

अधारतालला आमच्या घरी तो अधूनमधून जेवायला यायचा. माझ्या सासूबाईंचा त्याच्यावर फार जीव. एकदा त्यांनी विचारलं, "तू शिकवतो तरी काय रे पोरा?"

मेश्राम सांगायला लागला. अडखळत अडखळत, वरण निवेपर्यंत. "आजी, एक कण असतो. त्याच्यापुढं दोन वाटा. कोणत्या वाटेनं गेला हे कोणी बघितलं नाही, तर लहरीसारखा दोन्हीकडून जातो. बघितलं, की गुमान एकाच वाटेनं."

सासूबाईंनी त्याच्या पानात भाजी वाढली. "मंग तुमी काहून बघता बापा त्याले? राहू द्या नं त्याले त्याच्या लहरीत!"

मेश्रामला हसता हसता ठसका लागला.

*

हाच धडा डार्करूममध्ये चालू होता. सिहोऱ्याहून बसनं येणारी एक मुलगी म्हणाली, "सर, हम सब आँखें बंद कर लें तो?"

"कर लो."

सगळ्यांनी डोळे मिटले. जरा वेळानं कोपऱ्यातून, "सर, सॉरी! मैंने थोड़ा-सा देख लिया!"

मेश्राम खो खो हसला. "बेटा, आँख से कुछ नहीं होता." त्यानं दोन्ही फटींवर उजेड गाळणाऱ्या पोलरॉइड फिल्मचे दोन तुकडे लावले, एक उभा, एक आडवा. दोन्हीकडच्या उजेडावर वेगळी खूण बसली. आता उजेड कोणत्या फटीतून आला ते शोधता आलं असतं. कोणी शोधलं मात्र नव्हतं. तरी भिंतीवरचे पट्टे गायब! "पता लग सकता है, बस इतना काफ़ी है."

नंतर चहा पिताना मला हळूच म्हणाला, "दीदी, माझंही असंच आहे. लोक नुसते बघतात त्याचं काही नाही. आता हा कुठं अडकतो ते शोधून राहिले असतात नं, तेव्हाच अडकतो."

*

आणि आता तो कमिटीचा किस्सा.

मेश्राम टेंपररी होता. कायम व्हायचं तर बाहेरून आलेल्या कमिटीसमोर एक क्लास घ्यायचा. नाही जमला, तर नोकरी गेली. "दीदी, मला शिकवायचंच आहे. दुसरं काही करावंसं वाटतच नाही," म्हणाला आणि मान खाली घालून बसला. मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. तिवारीजी पेपर वाचत होते. वाचत कुठले, ऐकत होते!

दुसऱ्या दिवशी डार्करूममध्ये येऊन त्यांनी ऑर्डर सोडली, "मेश्राम, लेज़र इधर टेबल पर रखो. पट्टियाँ पीछे वाली दीवार पर गिराओ. सब कुर्सियाँ उधर घुमा दो."

मी म्हटलं, "सर, पर्दा तो सामने है."

"पर्दा ख़राब है!"

पट्टे पाडायचा तो पांढरा पडदा कोरा करकरीत. अजून घडीसुद्धा मोडली नव्हती.

कमिटी आली. चेअरमन एक बाई, सकाळपासून हसल्या नव्हत्या. लाईट बंद झाली. मुलं, कमिटी, आम्ही, सगळ्यांची तोंडं मागच्या भिंतीकडे. भिंतीवर लाल पट्टे, आणि आमच्या पाठीमागून मेश्रामचा आवाज. कुठ्ठे अडला नाही! अंधारात तिवारीजींनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

धडा संपला. कमिटीतले एक साहेब म्हणाले, "लाइट जलाइए, अब सवाल पूछ लेते हैं."

हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! लाईट लागली, सगळे वळले. मेश्रामचा चेहरा पांढराफटक. साहेबांनी काहीतरी विचारलं.

"इ... इ... इ..."

सगळे त्याच्या तोंडाकडे बघून राहिले. तिवारीजींचे ओठ हलले. त्यांनी रुमाल काढून तोंडात कोंबला. साहेबांनी पेन उचललं.

तेवढ्यात मागून आवाज आला. चेअरमन बाई वळल्याच नव्हत्या. आमच्याकडे पाठ करून तशाच बसलेल्या, समोर नुसती कोरी भिंत.

"मेश्रामजी," बाई भिंतीला म्हणाल्या, "सवाल मैं पूछूँगी. और बाकी लोग ज़रा इधर देखिए. बड़ी सुंदर दीवार है."