सुतकातली हजेरी

माझे आईवडील लहानपणीच गेले. मला वाढवलं काकांनी. ते गेल्याची तार मला उज्जैनला फ्रीगंजमधल्या भाड्याच्या खोलीवर मिळाली, तेव्हा मी सरकारी दवाखान्यात कंपाउंडरचं शिक्षण घेत होतो. संस्थान जाऊन नुकताच मध्यभारत झाला होता. दवाखान्याचे कायदेही नवे आणि कडक. मोठ्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हाजिरी पूरी नहीं, तो इम्तिहान नहीं. और मरीज से झूठ नहीं."

मलेरियात माझे आधीच बरेच खाडे झाले होते. खानदेशात गावी गेलो असतो तर वर्ष बुडालं असतं. क्रियाकर्माला काकांची मुलं आहेत, असं मी स्वतःला समजावलं आणि गेलो नाही.

सुतक मात्र चुकत नव्हतं. आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे दहा दिवस कुणाला शिवायचं नाही, आपल्या हातचं पाणीसुद्धा द्यायचं नाही. मी तार उशीखाली सरकवली, एप्रन चढवला आणि वॉर्डात गेलो.

कोपऱ्यातल्या खाटेवर मांडीचं हाड मोडलेली एक म्हातारी होती. जुन्या दरबारी कारकुनांच्या घरातली, मागे कुणी उरलं नव्हतं. वॉर्डातल्या माठाचं पाणी तिला चालत नसे, आयाच्या हातचं तर नाहीच. हे मला तेव्हाही पटत नव्हतं, पण गोळी पोटात जायला हवी होती. माझ्या जातीच्या हातचं तिला चालत होतं, म्हणून डॉक्टरांनी ते काम माझ्यावर सोपवलं. मी नळाचं पाणी तिच्या तांब्यात भरून आणी.

"आज पण खिचडीच रांधलीस का रे?" ती रोज विचारी. "बायको आण, नाहीतर निदान फोडणी द्यायला शीक." आणि मग, "घरी सगळे खुशाल ना?"

उज्जैनमध्ये हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशीही तिने विचारलं. मी "हो, आजी" म्हणालो आणि तांब्या पुढे केला. पुढे रोज तेच म्हणत राहिलो. संध्याकाळी खोलीवर दार लावून बसे. रडू येई, पण भिंतीपलीकडच्या लोकांनी कारण विचारलं तर काय सांगायचं, म्हणून आवरत असे.

दहाव्या दिवशी पहाटे राम घाटावर जाऊन डोकं भादरलं, तिलांजली दिली आणि वर टोपी घालून हजेरीला पोचलो. वॉर्डबॉयने पाठीमागून टोपी उचलली.

"क्यों बाबूजी, गर्मी ज्यादा लग रही थी क्या?"

सगळा वॉर्ड हसला. म्हातारी हसली नाही.

"कोण गेलं?"

"काका. वाढवलं त्यांनी मला."

"आज दहावा?"

मी मान हलवली. ती बराच वेळ तांब्याकडे बघत होती. आता बाटवलंस म्हणून ओरडेल, असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पाणी मी घेतलं नसतं, हे खरं," ती म्हणाली. "पण रोज इथे येऊन उभा राहत होतास. काकांचं काही बोलला असतास तर ऐकलं असतं की रे. मलाही दुसरं काय काम होतं?"

मी पुढच्या खाटेकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी मी तांब्या घेऊन गेलो, तर गोळी आधीच घेऊन झाली होती. "अम्मा ने खुद ही माँगा, मटके का," आया नवलाने म्हणाली.

"आता चालतं मला," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता.

माझी हजेरी पूर्ण भरली, परीक्षाही पास झालो. आता नव्या मुलांची हजेरी मीच घेतो. कुणी खाली मान घालून "हाजिर" म्हणालं की मी क्षणभर थांबतो, पण काय विचारावं ते सुचत नाही आणि पुढचं नाव घेतो.

म्हातारी त्या दहाव्यानंतरही बरेच दिवस त्या खाटेवर होती. मी रोज तिचं पथ्यपाणी बघत असे, पट्टी सैल झाली का विचारत असे. ती नीट उत्तर देई. घरी सगळे खुशाल ना, हे मात्र तिने पुन्हा विचारलं नाही.